हिवरची जागा

त्या मुलखात गवत दर उन्हाळ्यात जळायचं, आणि ते आपोआप जळतं असं म्हणण्याची तिथे रीत होती. मुलूख सपाट होता. मधून एक ओढा वाहायचा. ओढ्याच्या अलीकडचं गवत एका गरुडाचं आणि पलीकडचं दुसऱ्या गरुडाचं. दोन्ही गरुड फार लांब, डोंगरकड्यांवर राहत, आणि ओढ्याकाठच्यांपैकी कुणी त्यांना कधी पाहिलेलं नव्हतं. त्यांची शिपाईगिरी शिक्रे करत. शिक्रे यायचे ते राख थंड झाल्यावर.

आग लावायच्या घारी. हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणी बोलत नव्हतं. गवत पेटलं की नाकतोडे, सरडे, उंदीर जीव घेऊन उघड्यावर पळतात, आणि वर घिरट्या घालणाऱ्यासाठी खाली आयतं ताट वाढलं जातं. पण स्वतः काडी उचलणं घारींनी केव्हाच सोडलं होतं. मोठ्या पंखांवर शिक्र्यांची नजर असते. म्हणून त्यांनी लहान पंखांची पोरं हाताशी धरली होती. अलीकडच्या पोरांना त्या पलीकडचं गवत दाखवत आणि पलीकडच्या पोरांना अलीकडचं. "तुमच्या वाटचे नाकतोडे तिकडे कोण खातंय ते बघा," एवढंच म्हणत. मग पोरं पेटती काडी चोचीत धरून उडत जात. ज्याच्या चोचीत काडी आहे त्याला बोलता येत नाही, आणि घारींच्या घोळक्यात फार बोलावं अशी कुणाची अपेक्षाही नव्हती. दोन्ही काठांचे नाकतोडे शेवटी त्याच पोटांत जात.

ओढ्याच्या अलीकडे एका जुन्या करंजावर सातभाईंचा थवा राहत होता. त्यांना सातभाई म्हणतात, पण मोजायला गेलं तर सात कधी भरत नाहीत, आणि त्यांतल्या निम्म्या बहिणी असतात. रंगाने मातकट आणि आवाजाने असह्य. एकाला किडा सापडला तरी त्यावर सगळ्यांचं मत पडल्याशिवाय तो गिळला जात नसे. पोर ज्या झाडावर अंड्यातून बाहेर येई, त्या झाडाचं नाव त्याला मिळे. थव्याचा म्हातारा खैर होता, त्याला सगळे खैरबाबा म्हणत. त्याच्या खालोखाल मान होता तरवडचा. ती सगळ्यांची आत्या. तिची जीभ तिखट होती आणि मन तिच्या जिभेइतकं तिखट नव्हतं, पण ही गोष्ट ती लपवून ठेवी.

या कलकलाटी लोकांची एक गोष्ट मात्र बघत राहावी अशी होती. सूर्य टेकला की ते सगळे करंजाच्या एका आडव्या फांदीवर अंगाला अंग लावून बसत. थोराड टोकांना, पोरं मधे. मग खैरबाबाच्या टोकापासून सुरुवात करून प्रत्येक जण आपलं नाव सांगे. नावं दुसऱ्या टोकाला पोचली की सगळे आहेत हे कळे, आणि डोळे मिटत.

रांगेत फट राहता कामा नये, हा त्यांचा कायदा होता. फटीतून वारा शिरतो आणि वाऱ्यामागून रानमांजर. म्हणून कुणाला सापाने नेलं, कुणी आजाराने गेलं, की त्याच संध्याकाळी दोन्ही बाजूंचे सरकत, जागा बुजवत, आणि ते नाव पुन्हा घेतलं जात नसे. बाहेरून तसं नाव कानावर आलंच तर ते घुबडाचं सोंग समजून गप्प बसायचं. त्या बडबड्या थव्याला गप्प बसणं माहीत होतं ते एवढ्यापुरतं.

कायदा मेलेल्यांसाठी होता. घारींकडे गेलेल्यांनाही त्यांनी तोच लावला, आणि घोटाळा तिथे झाला.

आदल्या वर्षी खैरबाबाचा नातू आपटा घारींकडे गेला होता. त्याच संध्याकाळी रांग मिटली. थोड्या दिवसांनी, नावं सांगून झाल्यावर, फांदीच्या बाहेरून कुणीतरी हलकेच म्हणालं, "आपटा." मग जरा मोठ्याने, "आपटा." फांदीवर एक पीस हललं नाही. खैरबाबाने मान पंखात घातली होती. आवाज फांदीभोवती फिरला आणि ओढ्याकडे निघून गेला. दुसऱ्या दिवशी अलीकडचं गवत पेटलं. त्यात काठावरच्या टिटवीची अंडी भाजून निघाली. ती तिथेच ओरडत फिरत राहिली. आपटा त्यानंतर कुणाला दिसला नाही. जे झालं ते का झालं याचा विचार थव्यात बऱ्याच जणांनी केला, पण तो बोलून दाखवायचा तर नाव घ्यावं लागलं असतं.

हिवर हा तरवडच्या मेलेल्या बहिणीचा पोरगा. त्याला तरवडने चोचीतला घास भरवून वाढवलं होतं. त्याची नजर लांबची होती. करंजाच्या शेंड्यावर बसून पहारा करायचा, ही त्याची एकच हौस. पण पहारा थोरांचा. हिवर विचारायला गेला की खैरबाबा त्याच्या मागे बघून म्हणायचा, "आधी शेपूट तर पुरती येऊ दे," आणि सगळी रांग हसायची. तरवडही हसायची. हसण्यासारखंच होतं ते, शेपूट खरोखरच अर्धी होती.

ओढ्यापलीकडच्या वठलेल्या झाडावरून एक घार मात्र हसली नाही. ती म्हणाली, "तुझी नजर लांबची दिसते. आमच्याकडे अशांना काम असतं."

त्या सकाळी हिवर तरवडशी भांडला. भांडण कशावरून होतं हे तिला नंतर कितीही आठवून आठवेना. संध्याकाळी तो रांगेत नव्हता. त्याच्याशेजारी बसणाऱ्या बोरीने खाली मान घालून सांगितलं की तो वठलेल्या झाडाकडे गेला.

थवा सरकू लागला. तरवड आपल्या टोकावरून उठली, मधे आली आणि हिवरच्या जागेला खेटून घट्ट बसली. दुसऱ्या बाजूने बोरी सरकत येत होती, तिला तिने चोच दाखवली.

"तरवडे, सरक," खैरबाबा म्हणाला. "वारा शिरतोय."

"शिरू दे. वाऱ्याच्या तोंडाला मी आहे ना."

"गेलेल्याची जागा ठेवत नाहीत."

"मेलेल्याची ठेवत नाहीत, बाबा. हा कुठे मेलाय? सकाळी माझ्याशी भांडून गेलाय."

यावर थव्यात अर्थातच प्रत्येकाला काही ना काही म्हणायचं होतं. एक जण म्हणाला, जागा ठेवली की बाकीच्या पोरांना वाटेल, जाऊन यायला हरकत नाही. दुसरी म्हणाली, सगळ्यांनी कुडकुडायचं ते एका पोरासाठी. तरवडने सगळं ऐकून घेतलं आणि जागची हलली नाही. नावांची पाळी आली तेव्हा तिने आपलं नाव सांगितलं आणि लागलीच, तितक्याच मोठ्याने, "हिवर" म्हटलं. एक क्षण कुणालाच काय करावं कळेना. मग बोरीने आपलं नाव सांगितलं आणि रांग पुढे सरकली.

असं रोज होऊ लागलं. वारा खरंच शिरत होता. शिंकणारे तरवडकडे बघून शिंकत. रिकाम्या जागेला 'आत्याचा पाहुणा' म्हणू लागले. पाहुणा फार जेवत नाही, पाहुण्याला फार जागा लागत नाही, असे विनोद चालत. तरवडला ते लागायचं. पण नुसती जागा ठेवून भागायचं नाही हेही तिला उमगलं होतं. जागा राखायची ती कशातली, नुसत्या फांदीवरची की थव्याच्या कामातलीही, याचा ती विचार करत होती.

एके दिवशी ती खैरबाबाला म्हणाली, "आज पहाऱ्याला बोरी बसू दे."

"तिची शेपूट..."

"शेपटीने बघतात का, बाबा?"

बोरी शेंड्यावर बसली. पहिल्या दिवशी तिने सरडा बघून ओरड केली. दुपारी गळणारं पान बघून केली. थवा धावून धावून दमला आणि खैरबाबा समाधानाने म्हणाला की बघा, मी सांगत होतो. पण तरवडने या वेळी कुणाला हसू दिलं नाही. ती शेंड्यावर जाऊन बोरीशेजारी बसली आणि तिला काय काय दिसतं ते विचारत राहिली. हळूहळू बाकीची पोरंही पाळीने बसू लागली. ओढ्यापलीकडच्या वठलेल्या झाडावर कोण येतं, कोण जातं, कुणाला बोलावलं जातं, हे थव्याला पहिल्यांदा कळू लागलं, कारण ते पोरांना आधीपासूनच ठाऊक होतं. त्यांना कुणी विचारलं नव्हतं एवढंच.

मग तरवड ओढा ओलांडून गेली. असं कुणी करत नसे. पलीकडे एका जांभळाच्या झाडावर सातभाईंचाच थवा होता, तितकाच मातकट आणि तितकाच कर्कश. त्यांनी आधी तिच्यावर तोंडसुख घेतलं. त्यांची म्हातारी पुढे आली आणि म्हणाली, "तुमच्याकडून आलेल्या काडीने आमचं जुनं झाड गेलं."

"आमच्याकडचं गवत तुमच्याकडच्या काडीने गेलं," तरवड म्हणाली. "कोणाचं आधी गेलं ते ठरवत बसायचं का? मी दिवसभर बसायला तयार आहे. मला बोलायचा कंटाळा नाही."

म्हातारीलाही नव्हता. खूप वेळ दोघी ओरडत राहिल्या. त्यातून शेवटी निघालं ते फार साधं होतं. पालापाचोळा उलटून किडे शोधणं हा सातभाईंचा जन्माचा धंदा. दिवसभर ते तेच करतात, आणि उलटलेलं पान जिथल्या तिथे पडतं. ते जिथल्या तिथे टाकण्याऐवजी ओढ्यात टाकलं तर? अलीकडच्यांनी आपल्या काठाला, पलीकडच्यांनी आपल्या. किडे मिळायचे ते मिळतीलच, आणि काठावर आगीला धरायला काही उरणार नाही.

त्या दिवसापासून दोन्ही काठांवर वाळकी पानं उडू लागली. वाळकं गवतही ते उपटून टाकत. शिक्र्यांनी हे केलं नसतं. त्यांना पानं उलटणं शोभत नव्हतं आणि गरुडांकडून तसा हुकूमही नव्हता. हळूहळू ओढ्याच्या दोन्ही अंगांना उघड्या मातीचा आणि खडीचा पट्टा तयार झाला. तो वाढत वाढत करंजाच्या बुंध्यापर्यंत आला. असं काही त्या मुलखात कुणी पाहिलेलं नव्हतं. एवढ्याएवढ्याशा चोचींनी, एकमेकांना नावं ठेवत आणि एकही दिवस न चुकवता त्यांनी ते केलं.

टिटवीकडे जायला मात्र तरवडला धीर होईना. पण तिच्याशी बोलल्याशिवाय हिवरची जागा खरी होणार नव्हती. एका सकाळी ती खडीवर उतरली आणि टिटवीसमोर उभी राहिली.

"माझा पोरगा परत आला, तर तू त्याला इथे राहू देशील का?"

टिटवीने चोचीने एक खडा बाजूला सारला. 

"मी या वर्षी अंडी इथेच घालणार आहे," टिटवी म्हणाली. "या उघड्या जागेवर, सगळ्यांच्या नजरेसमोर. तो आला तर त्याला ती दिसली पाहिजेत."

याला होकार म्हणावं की नाही हे तरवडला कळलं नाही. तिने पुढे विचारलं नाही आणि ती परतली.

मग एकदा पलीकडे कुठेतरी लांब आग लागली, आणि राख थंड झाल्यावर शिक्रे आले. ज्या थव्यातलं पोर घारींकडे गेलंय त्या थव्याची घरटी उपटायची, असा त्यांचा नियम होता. त्या नियमाने पोरं परत आल्याचं कुणी ऐकलं नव्हतं, पण घरटी उपटली जायची खरी. संध्याकाळी एक शिक्रा करंजासमोर येऊन बसला आणि त्याची पिवळी नजर रांगेवरून फिरत फटीवर थांबली.

"ही जागा कुणाची?"

इतके दिवस तिने जे नाव मोठमोठ्याने घेतलं होतं, तेच आता सगळ्यांच्या घरट्यांवर येणार होतं. कुणीही बोट दाखवलं असतं तरी तिला त्याचा राग आला नसता.

"माझी," खैरबाबा म्हणाला.

"तू तर टोकाला बसलायस."

"तिथून उठून इथे येतो, इथून उठून तिथे जातो. गुडघे धरलेत. या वयात एका कुशीवर झोप लागते का, साहेब?"

शिक्र्याने काही विचारायच्या आत शेजारीण म्हणाली की बाबांचे गुडघे नाहीत, कंबर आहे. दुसरा म्हणाला, कंबर कसली, वात आहे, मी केव्हाचा सांगतोय. तिसरीने वातावरचा उपाय सांगितला. चौथ्याने तो उपाय खोडून काढला. पाहता पाहता अख्खा थवा त्या म्हाताऱ्याच्या दुखण्यावर एकदम बोलू लागला. शिक्र्याने दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं. शेवटी तो मान झटकून उडून गेला आणि करंजाकडे पुन्हा वळून पाहिलं नाही.

तो गेल्यावर नावांची पाळी आली. खैरबाबाने आपलं नाव सांगितलं. मग जरा थांबून त्याने आणखी एक नाव घेतलं, वर्षभर त्या फांदीवर न घेतलेलं.

"आपटा."

तरवडला त्या म्हाताऱ्याची माया दाटून आली. आपण त्याला इतके दिवस कठोर समजलो याची तिला लाज वाटली. त्या संध्याकाळपासून पाहुण्यावरचे विनोद बंद झाले, आणि शिंकणारे दुसरीकडे बघून शिंकू लागले.

उन्हाळा ऐन भरात आला. गवत इतकं वाळलं की वारा सुटला तरी त्याचा आवाज कुणाला ऐकवेना. टिटवीने उघड्या खडीवर अंडी घातली. दगड संध्याकाळपर्यंत तापलेले असत, म्हणून ती सारखी ओढ्यात जाऊन पोटाखालची पिसं भिजवून येई आणि ओल्या पोटाने अंड्यांवर बसे.

अशाच एका संध्याकाळी, सूर्य अजून पुरता टेकला नव्हता तेव्हा, बोरी पहाऱ्यावरून हलक्या आवाजात म्हणाली, "बाबा, समोरच्या खुंटावर कुणीतरी आहे. चोचीत काडी आहे."

सगळ्यांनी पाहिलं. खुंट उघड्या पट्ट्याच्या पलीकडच्या टोकाला होता आणि त्याच्या मागे गुडघाभर वाळकं गवत. खुंटावर हिवर बसला होता. शेपूट पुरती आली होती. अंग वाळलं होतं, एका पायाची बोटं काळी पडली होती, आणि चोचीत धरलेल्या काडीचं टोक लाल होतं. खूप उंचावर एक घार संथ गोल फिरत होती. त्याने नुसती मान मागे वळवून चोच उघडली असती तरी गवत पेटून ठिणग्या वाऱ्याने पट्ट्यावरून आल्या असत्या, आणि करंज, घरटी, दोन्ही काठांचं उरलंसुरलं गवत, काही राहिलं नसतं.

"ओरडू का?" बोरीने विचारलं.

"नको," खैरबाबा म्हणाला. "खाली ये. रांगेत बस."

बोरी खाली आली. सगळे अंगाला अंग लावून बसले, मधली जागा सोडून. खैरबाबाने घसा साफ केला आणि रोजच्यासारखं, उगाच मोठा आवाज न काढता, आपलं नाव सांगितलं. मग आपट्याचं. मग पुढचा बोलला, मग त्याच्या पुढची. कुणी थांबलं नाही. हिवर खुंटावरून उठला आणि उघड्या पट्ट्यावरून करंजाकडे येऊ लागला. खाली खडीवर टिटवीची अंडी होती. ती त्याला दिसली; तो त्यांच्यावर येऊन हवेतच अडखळला, बाजूला झाला, आणि फांदीच्या समोर पंख मारत घुटमळत राहिला.

"तरवड," तरवड म्हणाली.

रोज ती याच्या पाठोपाठ त्याचं नाव घ्यायची. आज तिने घेतलं नाही. ते घ्यायला तिची जीभ किती आसुसली होती हे तिचं तिलाच माहीत. तिने चोच घट्ट मिटली आणि समोर पाहत राहिली. रिकाम्या जागेपलीकडे बोरी बसली होती. तिची पाळी त्यानंतरची, आणि तीही थांबली. पूर्ण फांदी थांबली. त्या झाडावर दिवसाउजेडी इतकी शांतता कधी झाली नव्हती. काडीचं टोक चरचरत होतं तेही ऐकू येत होतं.

"हिवर," तो म्हणाला.

नाव सांगण्यासाठी त्याने चोच उघडली आणि काडी सुटली. ती गिरक्या घेत खाली गेली आणि उघड्या खडीवर, अंड्यांपासून हातभर अंतरावर पडून धुमसू लागली.

टिटवी ओढ्यावरून येत होती. तिच्या पोटाची पिसं ओली होती. ती अंड्यांकडे आली, काडीकडे तिने पाहिलं, मग वर फांदीकडे पाहिलं. मग अंडी सोडून ती दोन पावलं बाजूला झाली आणि त्या निखाऱ्यावर बसली. चर्र असा आवाज झाला आणि तिच्या पिसांतून थोडी वाफ आली. ती तशीच बसून राहिली.

हिवर रिकाम्या जागेवर उतरला होता. तरवड त्याच्या बाजूला सरकली, पलीकडून बोरी सरकली.

"बोरी," बोरी म्हणाली, आणि नावं पुढे गेली.